शिकाऱ्याचा नातू

चामोर्शीच्या हेमराज पिपरेचं म्हणणं असं, की माणसाची पारख त्याच्या खिशातल्या चाकूवरून करावी. बियाण्याच्या दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो हे ऐकवायचा. धानाच्या बियाण्याची पिशवी समोर ठेवायची, खिशातून चाकू काढायचा, टक्कन उघडायचा आणि पिशवीच्या तोंडाचा दोरा असा कापायचा, की जणू एखाद्या पुलाचं उद्घाटनच चाललंय. येत्या रविवारी मूलला चाकूवाल्यांचा मेळावा होता. तिथे सगळ्यांच्या माना आपल्याच चाकूकडे वळणार, याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

चाकूवाल्यांचा म्हणजे ‘खिशातला सोबती’ नावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा मेळावा. चंद्रपूर-गडचिरोलीकडची ही मंडळी अगदी सज्जन. फक्त त्यांच्या खिशात रोज जुन्या घडणीचा मिटता चाकू असतो, आणि तो घरी राहिला तर त्यांना अनवाणी बाहेर पडल्यासारखं वाटतं. रिवाज असा, की रोज सकाळी चाकू तळहातावर ठेवायचा, फोटो काढायचा, आणि आज हा काय कापणार ते खाली लिहायचं. कुणी पेरू लिहितं, कुणी सुतळी. मूलच्या सत्यशीलाबाई, रिटायर झालेल्या नर्स, वडिलांचा पितळी मुठीचा चाकू दाखवतात आणि खाली रोज एकच शब्द लिहितात, ‘सुपारी’. मेळाव्यात एकमेकांचे चाकू बघायचे, पण हातातून हातात द्यायचे नाहीत. तसं दिलं तर दोघांत भांडण लागतं. एकाने सतरंजीवर ठेवायचा, दुसऱ्याने उचलायचा. ग्रुपचा कारभारी घुग्घुसचा सादिक. ट्रकांच्या धुळीत त्याचं धार लावायचं दुकान आहे, आणि त्याच्या खिशातला चाकू त्याच्या आजोबांनी स्वतः घडवलेला.

हेमराजचा चाकू मात्र मार्कंड्याच्या जत्रेतला होता. मूठ तपकिरी, वर खरखरीत रेघा, लांबून शिंगासारखी दिसणारी. सुरुवातीला त्याचा फोटो आला की ग्रुपवर अशी शांतता पसरायची, जशी आहेर न आणलेल्या पाहुण्याभोवती लग्नात पसरते. एक अंगठा नाही, एक ‘छान’ नाही. असं बरेच दिवस चाललं. मग एका सकाळी हेमराजच्या बोटांना काय झालं कोण जाणे, त्यांनी फोटोखाली लिहिलं: ‘मूठ सांबराच्या शिंगाची. आजोबांची. आजोबा झाडीपट्टीतले नामांकित शिकारी.’

त्या दिवशी अंगठ्यांचा पाऊस पडला. सत्यशीलाबाईंनीसुद्धा सुपारी बाजूला ठेवून ‘वा’ लिहिलं.

एकदा गोड लागलं की माणूस पुन्हा वाढून घेतो. हेमराजचे आजोबा रोज थोडे थोडे वाढू लागले. त्यांनी अस्वलाला कानाला धरून लोळवलं. वाघाने त्यांना वाट दिली. इंग्रज साहेब त्यांना शिकारीचं विचारल्याशिवाय जेवत नसे. खरे आजोबा माळकरी होते. कुणी अंडी घेऊन दारावरून गेलं तरी ते ओटा धुवायला लावायचे. घरात उंदीर सापडला तर त्याला धोतराच्या सोग्यात धरून शेताच्या बांधावर सोडून यायचे, आणि बऱ्याचदा उंदीर त्यांच्या आधी घरी पोचलेला असायचा. ह्या माणसाच्या हातात नातवाने बंदूक दिली होती.

“काऊन वो, बुढ्याले बदनाम करून राह्यले?” त्याची बायको पुनम एकदा म्हणाली. तिला सगळं ठाऊक होतं, कारण त्या जत्रेत ती सोबत होती.

“बदनाम नाई, नाव करून राह्यलो,” हेमराज म्हणाला. “आन् तू कुठी बोलू नको.”

आता पेरणी तोंडावर आली होती. दुकानात गर्दी होती, दोघे-तिघे शेतकरी बाकड्यावर बसले होते, आणि अशा वेळी वनरक्षक आदेश मोटरसायकल लावून आत आला. हा पोरगेला, नम्र बोलणारा माणूस ग्रुपवर नवीनच आला होता. त्याच्याही खिशात चाकू असायचा, पण तो फोटो टाकत नसे, नुसते बघत असे.

“हेमराजभाऊ, तुमचा फोटो मी रोज पाह्यतो. बेस चाकू हाय.”

हेमराज फुलला. “बसा ना. चहा सांगतो.”

“चहा मंग. मूठ सांबराची हाय म्हणता, तं परवानगी हाय का त्याची? शिंग घरात ठेवाचं तं लागते. नाई तं वन्यजीव कायद्यात बसते ते. जामीन बी लवकर भेटत नाई.”

बाकड्यावरची कुजबुज थांबली. हेमराजला एकच शब्द बोलायचा होता: प्लास्टिक. तो बोलला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि आदेश चहा पिऊन गेला असता. पण बियाण्याचा धंदा वेगळा असतो. आत काय आहे ते शेतकऱ्याला पिशवीवरून दिसत नाही, उगवल्यावरच कळतं. तोवर तो दुकानदाराच्या तोंडाकडे बघून पैसे मोजतो. त्या बाकड्यासमोर, पेरणीच्या हंगामात, आपण महिनोन्महिने खोटं बोललो हे हेमराज कसं सांगणार? त्याची जीभ वळली ती भलत्याच दिशेला.

“चाकू इथी नाई ना,” तो म्हणाला. “सादिकभाऊकडं धार लावाले देल्ला. घुग्घुसले.”

चाकू त्याच्या उजव्या खिशात होता. त्याने खिशावर हात ठेवला आणि आदेश जाईपर्यंत तो हात काढला नाही, त्यामुळे डाव्या हाताने पैसे घेताना दोन गिऱ्हाइकं नाराज झाली.

आदेश गेल्याबरोबर त्याने मागच्या गोदामात जाऊन सादिकला फोन लावला. “सादिकभाऊ, आदेशचा फोन आला तं सांग, चाकू तुह्याकडं हाय. एवढंच सांग. बाकी मी पाह्यतो.”

“काय झालं, भाऊ? आवाज काऊन असा येऊन राह्यला?”

“त्या मुठीचं लफडं हाय. मंग सांगतो.”

आता सादिक हा कसा माणूस? मित्राने पाणी मागितलं तर विहीर खणायला घेणारा. त्याला कळलं ते एवढंच, की हेमराजभाऊच्या आजोबांची खरीखुरी सांबराची मूठ जंगलवाल्यांच्या डोळ्यांवर आली आहे आणि भाऊ आता तुरुंगात जाणार. ‘चाकू माझ्याकडे आहे’ म्हटलं तर ते उद्या घ्यायला येतील. मग काय उपयोग? त्याने विचार केला, आणि आदेशचा फोन आल्यावर तो मित्राने सांगितलं त्याच्या चार पावलं पुढे गेला.

संध्याकाळी त्याचा हेमराजला फोन आला. आवाजात समाधान मावत नव्हतं. “काम करून टाकलं, भाऊ. बेफिकर राह्य. मी म्हटलं, चाकू माह्याकडं होता, पण पुलावरून वर्धा नदीत पडला. आता तो चाकू दुनियेतच नाई.”

हेमराज त्या वेळी दुनियेत नसलेल्या चाकूने एका पिशवीचा दोरा कापत होता. त्याने बोट कापून घेतलं.

पाठोपाठ आदेशचा फोन. “भाऊ, आतापर्यंत नुसतं शिंग ठेवणं होतं. आता पुरावा नदीत टाकणं झालं. ते येगळं कलम हाय. मले साहेबाले सांगा लागलं. सादिकभाऊचं नाव बी गेलं. उद्या सकाळी मी तुमच्या घरी येतो, सादिकभाऊलेही बोलावलं हाय. साहेब म्हणते, पह्यले दोघायले समोरासमोर ईचार.”

“सादिकभाऊचं काऊन नाव?” हेमराज म्हणाला. “त्याच्या पोरीचं, सायमाचं, लग्न ठरलं हाय.”

“ते मले मायीत हाय, भाऊ. म्हणून तं साहेबाले म्हटलं, आधी मीच जातो.”

पुनमने हे सगळं ऐकलं. “सांगून टाका ना वो आता,” ती म्हणाली. “एक घडीभराची लाज हाय.”

“बाजारात काय म्हणतीन लोक?”

“आता काय म्हणून राह्यले? शिकारीचोर म्हणून राह्यले.”

“ते परवडलं,” हेमराज म्हणाला, आणि आपण काय बोललो ते ऐकून त्यालाच कसंसं झालं.

सकाळी सादिक आला. घुग्घुसहून थेट मोटरसायकलवर, भुवयांवर धूळ, हातात पुनमसाठी केळ्यांचा घड. त्याने डोळ्यांनीच हेमराजला धीर दिला. मग आदेश आला. तिघे पुढच्या खोलीत बसले, पुनम दारात उभी राहिली. मधल्या पडद्याच्या आड हेमराजचे वडील लटारूबाबा पोथी वाचत होते. वय ऐंशीच्या घरात, गळ्यात तुळशीची माळ, आणि आयुष्यात खोटं न बोलल्याबद्दल अख्ख्या आळीत थोडे नकोसे झालेले. लग्नात ‘जेवण कसं झालं’ हे त्यांना कुणी विचारत नसे.

“सादिकभाऊ, नदीत कसा पडला चाकू?” आदेशने विचारलं.

“खिशातून,” सादिक म्हणाला.

“खिशात तं तुमचा चाकू रायते.”

“दुसऱ्या खिशातून.”

“हे पाहा,” आदेश म्हणाला, “मले तुमाले गुतवाचं नाई. पण सांबर हाय, शिकार हाय, आन् पुरावा बी गायब हाय. साहेब म्हणते, कुणाले ना कुणाले तं आत जा लागन.”

पडद्याआडची पोथी थांबली. काहीतरी हललं. हेमराजला बाजूने दिसलं, की बाबा उठले, त्यांनी गळ्यातली माळ काढली, दोन्ही हातांनी कपाळाला लावली आणि भिंतीच्या खुंटीला टांगली. त्याला वाटलं, आंघोळीला निघाले असतील. पण बाबा रिकाम्या गळ्याने पुढच्या खोलीत आले आणि आदेशसमोर बसले.

“सांबर म्या मारला,” लटारूबाबा म्हणाले. “पोराचा कसूर नाई. सादिकचा बी नाई. मले न्या.”

आदेशने खाली मान घालून हळू आवाजात विचारलं, “बाबा, कशानं मारला?”

“कुराडीनं.” बाबांनी थोडा विचार केला. “नाई. बंदुकीनं.”

“पळाला नाई तो?”

“झोपला होता.”

“सांबर?”

“दमला होता बिचारा.”

“मंग त्याचं काय केलं?”

“खाल्लं,” बाबा म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडातून फार कष्टाने निघाला. पण माणसाने एकदा कबूल करायचं ठरवलं की सगळं नीट सांगावं, म्हणून त्यांनी पुढे जोडलं, “वांगे टाकून.”

सादिकने तोंडावर रुमाल धरला. पुनम दारातून आत निघून गेली. आदेश जमिनीकडे बघत राहिला, कारण वर बघितलं असतं तर त्याला हसू आलं असतं, आणि ह्या म्हाताऱ्यासमोर त्याला हसायचं नव्हतं. हेमराजला मात्र हसू वगैरे काही आलं नाही. बाबांच्या गळ्यावर माळेच्या जागी एक गोरी रेघ होती. इतक्या वर्षांत तिथे ऊन लागलं नव्हतं. आपल्या बापाला खोटं बोलता येत नाही, सवयच नाही, आणि तो ते आपल्यासाठी इतक्या वाईट तऱ्हेने बोलतोय, हे बघून हेमराजला इतकी लाज वाटली, की जमीन दुभंगली असती तर तो आधी चप्पल काढून आत गेला असता.

त्याने खिशात हात घातला आणि चाकू काढून सतरंजीवर ठेवला. ह्याही घडीला त्याने तो कुणाच्या हातात दिला नाही.

सादिकने चाकूकडे बघितलं. “हा तं नदीत हाय ना,” तो म्हणाला.

“थांबा,” हेमराज म्हणाला. चाकू पुन्हा उचलून तो देव्हाऱ्याकडे गेला आणि मूठ दिव्याच्या ज्योतीवर धरली. झाडीपट्टीतल्या नामांकित शिकाऱ्याची मूठ आधी चकाकली, मग वाकली, मग तिचा एक काळा थेंब लोंबून समईत पडला. घरभर जळक्या बादलीचा वास पसरला.

“प्लास्टिक हाय,” हेमराज म्हणाला. “जत्रेतला चाकू हाय. आजानं कधी मुंगी मारली नाई. बाबानं बी नाई. म्याच सगळं बनवलं. अंगठे भेटाले.”

“तो बी विकत घेतला नाई,” पुनम आतून म्हणाली. “मी कढई घेतली, तिच्यावर फुकट भेटला.”

हे एवढं सांगायची गरज नव्हती, असं हेमराजला वाटलं. पण आज त्याला तसं म्हणायची सोय नव्हती.

आदेशने तिथूनच साहेबाला फोन लावला. “साहेब, काई नाई. प्लास्टिक हाय. हो. नाई, मेण नाई, प्लास्टिक.” पलीकडून साहेब हसले ते खोलीतल्या सगळ्यांना ऐकू आलं, आणि ते पुष्कळ वेळ हसले. मग आदेशने बाबांना वाकून नमस्कार केला आणि तो निघून गेला.

सादिक हेल्मेट घेऊन उठला. पुनमने चहा आणला तर म्हणाला, “राहू द्या, भाभी.” आमच्याकडे माणूस भांडण करूनही चहा पिऊन जातो. दारात तो हेमराजकडे वळला. “भाऊ, खरंच सांबराची असती ना, तं मले येवढं वाईट नसतं वाटलं. मी पोरीच्या लग्नाचा ईचार सोडून खोटं बोल्लो, तं एका कढईवरच्या चाकूपायी.”

हेमराजने मान खाली घातली.

निदान ग्रुपवर तरी खरं सांगावं, म्हणून त्याने लिहिलं: ‘मी खोटं बोललो. मूठ प्लास्टिकची आहे. आजोबा शिकारी नव्हते.’ ते पाठवून तो शिव्या खायला तयार होऊन बसला. पहिलं उत्तर आलं, ‘समजलं भाऊ.’ मग दुसरं, ‘हुशार माणूस.’ सत्यशीलाबाईंनी लिहिलं, ‘बरोबर. वनखातं वाचत असतं. सगळ्यांनी असंच लिहावं.’ आणि बघता बघता सगळ्यांच्या मुठी प्लास्टिकच्या झाल्या. सत्यशीलाबाईंचं पितळसुद्धा. हेमराजने पुन्हा लिहिलं, ‘खरंच प्लास्टिक आहे हो.’ त्यावर इतके अंगठे आले, की आजोबांच्या अस्वलालाही आले नव्हते. रविवारच्या मेळाव्यात त्याचा सत्कार करायचं ठरलं. फक्त सादिकने काही लिहिलं नाही.

घरात बाबा माळ घालत नव्हते. ती खुंटीलाच होती, आणि येता-जाता हेमराजला दिसत होती. “घाला ना बाबा,” तो शेवटी म्हणाला.

“अशी कशी घालू? मार्कंड्याले महाराजाच्या हातानं घेतली होती. एकदा उतरवली तं तिथीच जाऊन घाला लागते.”

म्हणून रविवारी हेमराज मूलला सत्काराला गेला नाही. तो बाबांना मोटरसायकलवर मागे बसवून मार्कंड्याला घेऊन गेला. बाबांनी वैनगंगेत बुडी मारली. देवळाजवळ महाराज बसले होते, जुन्या महाराजांचे शिष्य. समोर पेरणीआधी देवाला आलेल्या शेतकऱ्यांची गर्दी होती. महाराजांनी माळ हातात घेतली आणि रीतीप्रमाणे विचारलं, “काऊन उतरवली होती, बाबा?”

हेमराज बाबांच्या कानाशी वाकला. “तब्येत बरी नोती म्हणा.”

बाबांनी त्याच्याकडे बघितलं. “आता आणखी एक बोलू का?” ते म्हणाले.

त्यात राग नव्हता. रागावले असते तर बरं झालं असतं. मग हेमराजच पुढे झाला, आणि त्याने सगळं सांगितलं. मूठ, शिकार, नदी, कढई, वांगी, काही ठेवलं नाही. गर्दी आधी ऐकत होती, मग हसायला लागली, मग काय झालं ते पुढचे मागच्यांना सांगायला लागले. महाराज मात्र हसले नाहीत. त्यांनी बाबांच्या गळ्यात माळ घातली आणि हेमराजच्या डोक्यावर हात ठेवला. हेमराजला आत कुठेतरी हलकं वाटलं. संपलं एकदाचं, असं त्याच्या मनात आलं.

तेवढ्यात गर्दीतला एक शेतकरी पुढे सरकला. त्याने हेमराजला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“तुमी चामोर्शीचे बियाण्याचे दुकानवाले ना?”

“हो.”

“मी परवाच तुमच्याकडून धानाचं बियाणं नेलं,” तो म्हणाला. “ते तरी असली हाय का गा?”

हसणं थांबलं. आजूबाजूला आणखी दोन-चार चेहरे वळले, आणि त्यातले निम्मे हेमराजच्या बाकड्यावर बसून गेलेले होते. बियाणं अस्सल होतं. त्याने आजवर एक पिशवीसुद्धा खोटी विकली नव्हती. “असली हाय, एकदम असली,” तो घाईने म्हणाला, आणि हे शब्द त्याच्याच कानाला सांबराच्या शिंगासारखे लागले.

शेतकऱ्याने त्याच्याकडे बघितलंच नाही. तो लटारूबाबांकडे वळला. “बाबा, तुमच्या गळ्यात माळ हाय. तुमी सांगा.”

हेमराजने बापाकडे बघितलं. बापानेही त्याच्याकडे बघितलं, प्रेमाने बघितलं, आणि बराच वेळ विचार केला.

“मी दुकानात जात नाई, बापा,” लटारूबाबा म्हणाले. “मले मायीत नाई.”